सेट म्हणेपर्यंत

डाव्या खांद्यावर टाच टेकली आणि शेवंतीला पहिल्यांदा कळलं, की मनवाचे पाय आपल्या पायांपेक्षा लहान आहेत. म्हणजे तसं ते आधीही दिसत होतं. चाळीच्या गॅलरीत दोघींच्या चपला शेजारीशेजारी पडलेल्या असायच्या आणि मनवाची चप्पल शेवंतीच्या चपलेच्या कुशीत झोपल्यासारखी वाटायची. पण डोळ्यांना दिसणं वेगळं आणि खांद्याला कळणं वेगळं. टाच थंड होती, थोडी ओली होती. मग उजवी टाच आली. मग दोन्ही पायांची बोटं गळ्याजवळच्या हाडाला पालीसारखी चिकटली, आणि खाली जमिनीवरून गंगाधर नानांचा आवाज आला, "सेट?" सगळ्यात खालच्या थरातल्या बायका एका दमात म्हणाल्या, सेट. त्यांच्या खांद्यांवरच्या चौघी म्हणाल्या, सेट. त्यांच्यावर एकटी उभी असलेली प्रिती म्हणाली, सेट. प्रितीच्या खांद्यांवर शेवंती उकिडवी बसली होती, आणि शेवंतीच्या खांद्यांवर आत्ता या घडीला मनवा. मनवाचे घोटे पकडून शेवंतीनं सेट म्हणायचं, हळूहळू सरळ उभं राहायचं, मग मनवानं वर हात करायचा आणि पाच थर पूर्ण. सगळं जागच्या जागी होतं. गुडघे घट्ट, पाठ सरळ, घोटे मुठीत. शेवंतीनं तोंड उघडलं आणि परत मिटलं. ती गप्प राहिली.

"उतरा," नाना म्हणाले. बस, एवढंच. का, कशाला, कोणाचं चुकलं, काही नाही. हा नानांचा नियम होता आणि करी रोडच्या या महिला गोविंदा पथकात नानांचा नियम म्हणजे देवाचा. नाना तरुणपणी स्वतः सगळ्यात खालच्या थरात उभे राहायचे, त्यामुळे त्यांची मान खांद्यांत बुडाल्यासारखी झाली होती आणि ते कोणाकडे बघायचे तर अख्खे वळून बघायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना ओळीनं उभं करून सांगितलं होतं, "पोरींनो, जिचं सेट नसेल तिनं गप्प राहायचं. आवाज आला नाही की आपण उतरणार. कोणी तिला विचारायचं नाही का म्हणून. विचारायला लागलं की पोरी लाजेनं खोटं सेट म्हणतात, आणि खोटं सेट म्हटलं की हाडं मोडतात." नियम सोन्यासारखा होता. त्यातली गोम फक्त शेवंतीला आज, वरून दुसऱ्या थरात, उकिडवं बसल्याबसल्या सापडली होती. गप्प बसलं तर कोणीच विचारणार नव्हतं.

आणि झालंही तसंच. मैदानाच्या कडेला पाणी पिताना प्रिती म्हणाली, "मनवा, पाय नीट बसले नाहीत का गं तुझे?" मनवानं हेल्मेट काढलं, घामानं केस कपाळाला चिकटलेले, आणि म्हणाली, "हो बहुतेक. घामानं सरकत होते." शेवंती बाटलीचं झाकण लावत राहिली. ते हेल्मेट गुलाबी होतं. त्याच्या आत पट्ट्यावर एका जागी नेलपॉलिशचा ठिपका होता, गेल्या वर्षी शेवंतीनं लावलेला, आपलं हेल्मेट ओळखू यावं म्हणून. कारण गेल्या वर्षी एक्का शेवंती होती. एक्का म्हणजे सगळ्यात वरची. तिच्या खालची ती दुर्री, तिच्या खालची तिर्री, हे सगळं पत्त्यांसारखं. गेल्या वर्षी ती नुकतीच चौदाची झाली होती, चौदाच्या आत वर चढवत नाहीत, आणि प्रिती दुर्री होती. लालबागच्या नाक्यावर शेवंती पाचव्या थरावर उभी राहिली तेव्हा तिला समोरच्या टॉवरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईच्या स्वयंपाकघरातला कुकर दिसला होता. त्या बाईनं कुकर सोडून टाळ्या वाजवल्या. खाली एवढी माणसं असून शेवंतीच्या लक्षात राहिला तो कुकरच, त्याची शिट्टी, आणि एक अशी हवा जी खालच्या माणसांना मिळत नाही. आणि मग वर्षभरात हात, पाय, सगळं आपापल्या मर्जीनं वाढत गेलं. आई म्हणाली, गणवेशाची दुमड सोडायला हवी. नाना मात्र जूनमध्ये अख्खे वळून तिच्याकडे बघत राहिले, आणि म्हणाले, "बाय माझी, तू आता दुर्री." आणि मनवाला हाक मारली. मनवाला या पथकात आणलं कोणी? शेवंतीनं. चल गं, मज्जा येते, असं म्हणून हाताला धरून आणली होती, टाळ्या वाजवायला.

दुसऱ्या दिवशी शाळेत सुचित्रा मॅडमनी इंग्रजीच्या तासाला फळ्यावर एकच शब्द लिहिला. तीन अक्षरांचा. आणि म्हणाल्या, जाड्या डिक्शनरीत हा बघा, पानं उलटत राहाल. एवढासा दिसतो, पण याचे अर्थ संपत नाहीत. नाम म्हणून येतो, क्रियापद म्हणून येतो. तुमच्या घरी, गल्लीत हा दिवसभर कुठे कुठे ऐकू येतो ते उद्या सांगा. वर्ग हसला, कारण मागच्या बाकावरचा अमित लगेच म्हणाला, "मॅडम, काही लोक एकमेकांशी सेट असतात." मॅडम म्हणाल्या, "तेही चालेल, नावं नको." शेवंतीला हसू आलं नाही. ती फळ्याकडे बघत होती आणि खांद्यावर दोन थंड टाचा होत्या. गंमत म्हणजे त्या तासापासून तो शब्द तिच्या मागेच लागला. गल्लीत सोनाराच्या काचेआड मखमलीवर नेकलेसचा सेट. समोरच्या मंडळाच्या मांडवात गणपतीच्या सजावटीचा सेट उभा राहत होता, प्लायवूडचा किल्ला, त्याच्या मागच्या बाजूला नुसते बांबू आणि सुतळ्या. शेजारच्या काकू कोणाच्यातरी मुलाबद्दल म्हणत होत्या, दुबईला गेला, लाइफ सेट झालं. बाबा सकाळचा गजर सेट करायचे आणि त्याच्या आधीच उठायचे. पार्लरवाली आईचे केस सेट करायची. आणि संध्याकाळी आईनं झाकण उचलून पातेलं हलवून बघितलं आणि समाधानानं म्हणाली, "दही छान सेट झालंय." प्रत्येक वेळी शेवंतीच्या मनात यायचं, की या सगळ्यांत काहीतरी कुठेतरी बसतंय. दागिना डबीत बसतोय, मुलगा दुबईत बसतोय, दूध पातेल्यात बसतंय. आणि जिला उठवलं, तिच्यासाठी एवढ्या जाड डिक्शनरीत एखादी ओळ असेल की नाही? उद्या वर्गात हे विचारावं असं तिला वाटलं, आणि विचारलं नाही. तिनं दह्याचं उदाहरण दिलं. मॅडम म्हणाल्या, व्हेरी गुड.

त्या दह्यावरून आठवलं. आईनं वरची साय काढून एका वाटीत मनवासाठी ठेवली होती. मनवा संध्याकाळी आली आणि दारातच म्हणाली, "नको काकी, मला चालणार नाही, वजन." आई कौतुकानं म्हणाली, "बघ, किती शहाणी. शेऊ, खा तू." गेल्या वर्षी हेच वाक्य शेवंती म्हणायची. दिवाळीच्या करंजीकडे बघून म्हणायची, श्रावणातल्या खिरीकडे बघून म्हणायची, आणि आईच्या चेहऱ्यावर जी काळजी आणि अभिमान एकत्र यायचा तो तिला खिरीपेक्षा गोड लागायचा. आता शेवंतीनं चार चपात्या खाल्ल्या काय नि सहा खाल्ल्या काय, कोणाला काही पडलेलं नव्हतं. नाना तर म्हणाले होते, "दुर्रीनं दाबून खायचं, पाया पक्का पाहिजे." पोटभर जेवायची मोकळीक मिळाली म्हणून रडावंसं वाटणारी मुलगी करी रोडला एकच असेल, आणि ती मी, असं तिला वाटलं. तिनं ती वाटी चाटूनपुसून खाल्ली. मनवा समोर बसून बघत होती आणि तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं, की तिला साय हवी आहे. शेवंतीला बरं वाटलं. मग बरं वाटलं याचं वाईट वाटलं. मग परत बरं वाटलं.

दुसऱ्यांदा ती गप्प राहिली ते ठरवून. पहिल्या वेळी तोंड आपोआप मिटलं होतं, असं ती स्वतःला सांगू शकत होती. या वेळी नाही. खालून वर सेट, सेट, सेट अशा हाका चढत आल्या आणि प्रितीच्या सेटनंतर मैदानात जी शांतता झाली ती शेवंतीनं जिभेवर धरून ठेवली. केवढी मोठी होती ती शांतता. बाजूच्या टॉवरच्या पोडियमवर कोणीतरी चेंडू आपटत होतं तेसुद्धा ऐकू येत होतं. एवढ्या बायका, मुली, नाना, सगळे तिच्या एका शब्दासाठी थांबलेले. वर असतानाही कधी असे सगळे आपल्यासाठी थांबले नव्हते, असं तिच्या मनात आलं. "उतरा," नाना म्हणाले. सगळ्या उतरल्यावर नाना म्हणाले, "वरचं बसत नाहीये. रविवारी एकदा शेवटचं बघू. नाही बसलं तर यंदा चारच थर लावायचे. जीव महत्त्वाचा. चार लावले तर शेऊ वर." मनवानं मान खाली घातली. प्रिती पुटपुटली, "चार थर म्हणजे खालून काठीनंपण फुटेल हंडी." कोणी हसलं नाही. शेवंतीच्या कानात मात्र एकच वाक्य घंटेसारखं वाजत होतं. शेऊ वर. चार थर तर चार. कुकर दिसणार नाही कदाचित, पहिला मजला दिसेल. पण डोक्यावर कोणी नसेल. घरी जाताना ती पुलावर उगाच थांबली, दोन्ही हात कठड्यावर टेकून उंच झाली, आणि खाली उतरल्यावर तिला आपलेच पाय फार जड लागले.

शनिवारी दुपारी मनवाच्या घरातून सारखा भांड्यांचा आवाज येत होता. शेवंती गॅलरीतून डोकावली. घरात दुसरं कोणी नव्हतं. मनवानं दोन पातेली पालथी घातली होती, एकमेकांपासून खांद्याएवढ्या अंतरावर, आणि त्यांच्यावर ती अनवाणी उभी राहत होती. पाय ठेवायची, हात वर करायची, पातेलं डगमगायचं, खाली उतरायची. परत. शेवंतीला बघून ती लाजली. "ये ना. शेऊ, सांग ना मला, तू कुठे ठेवायचीस पाय? हाडावर की हाडाच्या मागे?" शेवंती दारात टेकून उभी राहिली. सांगायचं की नाही, हा प्रश्नच नव्हता, कारण मनवाचे पाय बरोबरच पडत होते, तेच तर दुखत होतं. ती म्हणाली, "मागे. टाच बाहेर." मनवानं टाच बाहेर केली, जशी ती रोज करायची तशीच. "अशी?" "हो." "मग कुठे चुकतंय गं?" शेवंती म्हणाली, "काय माहीत. सवय व्हायला लागते." तिचा आवाज मोठ्या बायकांसारखा निघाला, समजूतदार, आणि तो तिला इतका खोटा वाटला की तिनं घाईनं विचारलं, "पाणी आहे का तुमच्याकडे?" मनवानं माठातून पाणी दिलं. पेला देताना तिनं शेवंतीकडे जरा जास्तच वेळ बघितलं. की शेवंतीला तसं वाटलं, कोण जाणे. रात्रभर ती या बघण्याचे अर्थ लावत राहिली, आणि तेही संपेनात.

रविवार सकाळ. मैदानात प्रॅक्टिसची जाड गादी अंथरलेली, मनवाच्या कमरेला सेफ्टीचा पट्टा, त्याची दोरी मैदानाला लागून असलेल्या शाळेच्या गच्चीवर दोघांनी धरलेली. टॉवरच्या बाल्कन्यांमध्ये लोक चहाचे कप घेऊन उभे होते, जसे दर रविवारी उभे राहतात, आणि कोणीतरी मोबाइल धरला होता. थर लागत गेले. प्रितीच्या पाठीवरून चढताना शेवंतीला तिचा घामाचा आणि मसाल्याचा वास आला, प्रिती सकाळी लालबागला मावशीच्या दुकानात मिरच्या भाजायला बसते. "शेऊ, काय खातेस गं, सिमेंट?" प्रिती दात आवळून म्हणाली. शेवंती तिच्या खांद्यांवर उकिडवी बसली. मग पाठीवर हलकी धडपड, केसांना ओझरता हात, आणि त्या दोन टाचा. डावी. उजवी. बोटं. "सेट?" नाना म्हणाले. सेट. सेट. "सेट," प्रिती म्हणाली. आणि पुन्हा ती शांतता आली आणि शेवंतीच्या जिभेवर येऊन बसली, आपलं हक्काचं घर असल्यासारखी. गप्प राहायचं. एवढंच करायचं होतं. काही करायचंच नव्हतं.

"शेऊ." वरून आवाज आला, अगदी हळू, दोघींपुरता. "मला कळतं."

"काय?"

"तू सेट असतेस ते. पायाला कळतं ना खांदा घट्ट झाला की. त्या दिवशीपण होतीस. परवापण."

शेवंतीच्या मुठीत मनवाचे घोटे होते. ते थरथरत नव्हते.

"मग नानांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तू म्हणाली नाहीस तर मी उतरते. माझंच चुकलं म्हणेन. पण लवकर ठरव, खाली सगळ्यांचे खांदे आहेत."

पायाला कळतं. हो, कळतंच की. गेल्या वर्षी शेवंती याच पायांनी, म्हणजे आपल्या पायांनी, प्रितीच्या खांद्यांवर उभी राहिली होती. प्रितीचा खांदा घट्ट व्हायचा, लाकडासारखा, आणि तरीही तिचा सेट यायला वेळ लागायचा. एक श्वास. कधी दोन. शेवंतीला वाटायचं, प्रिती दम घेतेय. आत्ता या उकिडव्या अवस्थेत, भर सकाळी, चहा पिणाऱ्या लोकांसमोर तिला त्या श्वासाचा अर्थ कळला, कारण तिच्या आधी एक्का प्रिती होती. तो श्वास प्रितीनं रोज घेतला होता, आणि रोज त्याच्यानंतर शब्द उच्चारला होता, आणि शेवंती रोज वर जाऊन कुकर, टाळ्या, हवा बघत राहिली होती. तिनं एकदाही खाली बघितलं नव्हतं. प्रितीबद्दल तिला काही फार प्रेम वाटलं असंही नाही. उलट रागच आला, की ही बया हे कसं गिळत राहिली, आणि गिळून वर चेष्टा कशी करते. मनवाचाही राग आला, सांगून टाकल्याचा, आणि न सांगितल्याचाही. आणि इतक्या सगळ्या रागात तिचा डावा पाय प्रितीच्या खांद्यावर खरोखरच थोडा घसरला.

"शेऊ, बोल गं काहीतरी," खालून प्रिती म्हणाली. "माझ्या खांद्याचं लोणचं झालं."

नाना अख्खे वळून वर बघत होते. त्यांच्या ओठांवर 'उतरा' आलेलं शेवंतीला दिसलं. आता गप्प राहिली तर ते खरं गप्प राहणं झालं असतं, पाय खरंच घसरला होता, नियमानंच. कोणी विचारलं नसतं, मनवानंही नाही. आणि शेऊ वर गेली असती, चार थरांच्या टोकावर, ज्याच्या खाली हे सगळं कायम उकिडवं बसून राहिलं असतं.

"थांबा," शेवंती म्हणाली. असं कोणी कधी म्हणत नसे. सेट तरी म्हणायचं नाहीतर गप्प तरी. खालच्या बायकांत कुजबुज झाली. "थांबा, नाना. माझा पाय. डावा." तिनं पाऊल उचललं, प्रितीच्या खांद्याच्या हाडाच्या मागे ठेवलं, टाच बाहेर काढली. प्रितीनं खालून घोटा आवळून धरला, दुखेल इतका. मनवा वर अजिबात हलली नाही, एखाद्या पक्ष्यासारखी अंग चोरून राहिली. शेवंतीनं श्वास घेतला. एक. मग दुसराही घेतला, कारण पहिला पुरला नाही.

"सेट."

आणि ती उठायला लागली. मांड्या पेटल्या. खांद्यांवरचं वजन, जे एवढंसं म्हणून सगळे कौतुक करायचे, ते काही एवढंसं नव्हतं. गुडघे सरळ झाले. वर मनवानं हात उंच केला असणार, कारण बाल्कन्यांमधून टाळ्या आल्या, मैदानातून आल्या, गच्चीवरून दोरीवाल्यांनी शिट्टी मारली. सगळ्यांच्या माना वर होत्या. पाच थरांत वर बघता न येणारी माणसं किती असतात हे तिच्या आत्ता लक्षात आलं. तिच्या डोळ्यांसमोर शाळेच्या भिंतीवरचा उडालेला पिवळा रंग होता आणि एका पाइपाचा गंज. ती त्या गंजाकडे बघत उभी राहिली. टाळ्या तिच्या डोक्यावरून, नेमक्या एका मुलीच्या उंचीवरून जात होत्या, आणि प्रत्येक टाळी तिला वेगवेगळी टोचत होती. काही हलकं वगैरे वाटलं नाही. चांगलं वागल्यावर आतून उजेड पडतो असं निबंधात लिहितात, तसं काहीही झालं नाही.

उतरल्यावर नाना म्हणाले, "पाच लावायचे." शेवंतीच्या जवळून जाताना त्यांनी तिच्या डाव्या पायाकडे एकदा बघितलं. प्रिती गादीवर आडवी पडून खांदा चोळत होती. शेवंतीनं तिच्यापुढे पाण्याची बाटली धरली. प्रितीनं अर्धी संपवली आणि म्हणाली, "किती वेळ लावलास गं भवाने." मनवा हेल्मेट काढून शेजारी येऊन उभी राहिली. दोघी टॉवरकडे बघत होत्या. लोक कप घेऊन आत जायला लागले होते.

"उद्या पण म्हणशील?" मनवानं विचारलं.

"उद्याचं उद्या बघू."

"बरं."

"जळते मी तुझ्यावर," शेवंती म्हणाली. ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की प्रितीनं मान उचलली. "खूप. आत्तापण."

"माहितीये," मनवा म्हणाली. मग म्हणाली, "मला ती साय हवी होती."

"परत एकदा," नानांनी हाक दिली. बायका पदर, ओढण्या खोचत उठल्या. मनवानं हेल्मेट घातलं आणि पट्टा लावायला हनुवटी वर केली. तिला तो नीट लागेना. शेवंती थोडा वेळ तिची खटपट नुसती बघत राहिली. मग पुढे होऊन लावला, एक घर घट्टच.